बाटलीमागे एक रुपया

मी पिराजी सयाजी साळोखे, वय ७४, धंदा देशी दारूचे सरकारमान्य दुकान, राहणार माळवाडी, तालुका हातकणंगले, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. जन्मभर दारू विकली, चाखली कधीच नाही, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. आज मात्र मी इतका आनंदात आहे की वकीलसाहेब दोनदा म्हणाले, "आण्णा, जरा दमानं लिहा."

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी तानाबाई हिला. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कोणी काढू नये.

२. दोन्ही म्हशी मुलगी वर्षाराणी हिला. माझा चुलतभाऊ राजवर्धन याला काहीही नाही. गावात दारूबंदीचे मतदान लागले तेव्हा तानाबाई आडव्या बाटलीसाठी, म्हणजे माझेच दुकान बंद करायला, दारोदार फिरली. हा चावडीवर म्हणाला, "पिराजीला बायको आवरंना." त्याच दिवशी त्याला दुकानाची पायरी बंद केली. ती माझ्या पश्चातही बंदच राहावी.

३. मते कमी पडली, बाटली उभी राहिली. जेवायला वाढताना तानाबाई एवढेच म्हणाली, "उभी ऱ्हायली न्हवं? मग तिला कामाला लावा की." सरकार दारूवर कर घेते, पण त्यातले आमच्या गावच्या दवाखान्यापर्यंत काय पोचते ते मला कधी दिसले नाही. म्हणून आम्ही घरचा कर बसवला. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा माझ्या नफ्यातून बाटलीमागे एक रुपया. त्यावर गावात नर्सबाई आल्या, साखर आणि रक्तदाब तपासायची सोय झाली. रुपया माझा आणि मिजास गिऱ्हाइकांची! जोतीराम तर दिसेल त्याला ऐकवायचा, "पावणं, आमी पितो म्हणून गाव बरं हाय."

४. त्याच जोतीरामाचे डोळे नर्सबाईंना पिवळे दिसले. त्यांनी त्याला धरून कोल्हापूरला तपासायला पाठवले. यकृत सुजले होते, पण वेळेत कळले. तेव्हापासून त्याने थेंब घेतलेला नाही. माझे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक गेले आणि मी गल्ल्यावर बसून पेढे वाटले!

५. दुकानाचा गाळा मुलगा जयसिंग याला, एका अटीवर. रुपया बंद करायचे त्याच्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. त्याने एक महिना जरी तो चुकवला, तर गाळा दवाखान्याचा होईल.

६. गिऱ्हाईक घटून दुकान चालेनासे झाले, तर रडत बसू नये. शटर ओढावे, गाळा दवाखान्याला द्यावा, भिंतीवर ही भली मोठी आडवी बाटली रंगवावी आणि साऱ्या गावाला तांबडा-पांढरा रस्सा घालावा.

जयसिंग इथेच बसला आहे. हे कलम ऐकून तो उसळला, "म्हंजे रुपया चुकवला तरी गाळा त्यांचा, दुकान बुडालं तरी त्यांचाच?"

तानाबाई पदर सावरत म्हणाली, "व्हय की. मतमोजणी अजून चालू हाय."

वकीलसाहेब हे वाक्य खोडा म्हणतात. मी खोडणार नाही.

सही: पिराजी सयाजी साळोखे

साक्षीदार:
१. जोतीराम बाबू पोवार (पूर्ण शुद्धीत)
२. सरुबाई नामदेव कांबळे (आडव्या बाटलीच्या प्रचारात तानाबाईची सोबतीण)

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५