कणगीतली सहावी बाटली

हरसूल,
बाजाराचा दिवस, दुपार

प्रिय तेजलताई,

फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला "ललित, मुद्द्यावर ये" म्हणतेस आणि माझा मुद्दा नेहमी शेवटी असतो. शिवाय त्या सहा बाटल्यांचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, अशी शपथ तूच घातली होतीस. तोंडातून काढत नाहीये, कागदावर काढतोय. समोरच्या दुकानातून रेघांचे कागद आणले, तर दुकानदार म्हणाला, अर्ज करायचाय का? म्हटलं, तसंच समजा.

आधी बातमी सांगून टाकतो. सहापैकी एक शिल्लक आहे. थांब, लगेच कागद चुरगाळू नकोस. पाच बाटल्या कुठे गेल्या ते नीट सांगतो. एकही मी चोरून प्यायलेलो नाही, आणि माझ्या बाबतीत ही मोठीच बातमी आहे.

तो दिवस तुला आठवत असणारच, तरी सांगतो. दोन हजार अठरा साल. वायनरीत तू शिकाऊ आणि मी क्रेट उचलणारा. मामाच्या मळ्यातल्या शिराझ द्राक्षांच्या दोन ओळी, त्यातून तू एकटीने भरलेलं एक पिंप. साहेबांनी घोटभर घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही वाइन नाही, शाई आहे. भरा पेनात." मग पिंप मोरीत ओतायला तुलाच लावलं. ती जांभळी मोरी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याआधी भरून ठेवलेल्या सहा बाटल्या तू माझ्या सॅकमध्ये कोंबल्यास आणि म्हणालीस, "आडव्या ठेव, अंधारात ठेव, गार ठेव, हलवू नकोस. आणि पुन्हा मला काही सांगू नकोस." पुढच्या महिन्यात तू ओझरच्या कारखान्यात स्टोअरला लागलीस. तेव्हापासून विमानांचे स्क्रू मोजतेस.

आडव्या, अंधारात, गार, न हलवता. ताई, या चारपैकी एकही गोष्ट तेव्हा माझ्या आयुष्यात नव्हती. सातपूरला पत्र्याची खोली होती. मी बाटल्या माळ्यावर ठेवल्या, का तर तिथे अंधार होता. अंधार होता खरा, पण खाली गॅसची शेगडी होती आणि वर पत्रा. एप्रिलमध्ये एके दिवशी घरमालकीण ओरडत आली, "अहो ललित, वरून रक्त गळतंय!" एकीचं बूच उष्णतेने वर सरकलं होतं. उरलेलं चाखून बघितलं, तर चिंचेच्या सारात कोणीतरी गूळ जाळलाय असं लागलं. पहिली गेली. उरलेल्या पाच मी ओल्या टॉवेलात गुंडाळून नवनाथकडे नेल्या. नवनाथ म्हणजे तोच, सिडकोतला, ज्याच्या लग्नात मी चुकून दुसऱ्याच वरातीत दीड तास नाचलो. ती गोष्ट नंतर कधीतरी.

नवनाथच्या दिवाणाखाली चार मावल्या. पाचवी फ्रिजमध्ये आडवी ठेवली. पण त्याच्या आईला आडवी बाटली बघवत नाही. घरात बाटली आडवी पडलेली दिसली की लोकांना वाटतं माणूसही तिच्याशेजारी आडवा असेल, असं तिचं म्हणणं. मी आडवी करायचो, ती उभी करायची. दीड वर्ष आमचं हे चाललं. शेवटी जिंकली तीच. उभ्या बाटलीचं बूच सुकलं, वारा आत शिरला आणि वाइनचं व्हिनेगर झालं. नवनाथच्या मेव्हण्याने ते त्याच्या चायनीजच्या गाडीवर नेलं. लोक मंचुरियनला दोनदा यायला लागले म्हणे. म्हणजे तुझी दुसरी बाटली वाया गेली असं अगदीच म्हणता येणार नाही.

मग बावीस साली नवनाथच्या घरात फरशीचं काम निघालं. ते कटर मशीन सुरू झालं की दिवाणासकट बाटल्या थरथरायच्या आणि मला तुझं "हलवू नकोस" ऐकू यायचं. मी तेव्हा मोबाईलची कव्हरं घेऊन बाजार फिरत होतो. मे महिन्यात हरसूलच्या बाजारात उन्हाने डोकं फिरलं. अक्काबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बाजाराला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "चल रं पोरा, पाणी पी." त्यांच्या घरात पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, इतकं गार. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौलं, आतल्या कोपऱ्यात अंधार आणि त्या अंधारात भाताची कणगी. बांबूची, शेणाने सारवलेली, माझ्याएवढी उंच. माणसाला पाण्याचा तांब्या हातात असताना काय काय आठवतं, मला तुझ्या बाटल्या आठवल्या. पुढच्या आठवड्यात चारही घेऊन आलो. अक्काबाईंनी काही विचारलं नाही. कणगीच्या तळाशी त्या आडव्या निजवल्या, वर भात. मी रोज मापायचं म्हणून तापाचं थर्मामीटर आणलं आणि भातात खुपसलं. पारा हललाच नाही. अक्काबाईंनी ते उन्हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "ताप नाय त्याला. झोपू दे." नंतर कोंबड्यांच्या शेडमधलं मापक मिळालं तेव्हा कळलं, भर मेमध्येही आत बावीसच्या वर जात नाही. साहेबांच्या तळघरात एसी बंद पडला की धावपळ व्हायची, आठवतंय?

आता तिसरी, चौथी आणि पाचवी. इथे माझी चूक झाली आणि ती मान्य करतो. अक्काबाईंच्या घरात कणगीत जे जे असतं ते कणसरीचं. कणसरी म्हणजे धान्याची देवी. नवं भात कणगीत पडायच्या दिवशी आत जे आहे त्यातला पहिला वाटा तिला द्यायचा, मग घरच्यांनी खायचं. मला हे ठाऊक असतं तर मी बाटल्या कणगीच्या मागे ठेवल्या असत्या, आत नाही. पहिल्या वर्षी बाटल्या पाहुण्या म्हणून सुटल्या, पण तेवीस साली अक्काबाईंनी एक बाटली बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली. मी हातापाया पडलो, ही धान्य नाही, ही माझ्या बहिणीची ठेव आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कशाची केली?" द्राक्षांची. "द्राक्षं कशाला लागली?" वेलाला. "मंग धान्यच की." बूच काढलं. पहिली धार कणसरीला, दुसरी अक्काबाईंना. मोहाची दारू कशी आहे ते नुसत्या वासावर सांगणारी बाई ती. तोंडात घोळवली आणि म्हणाल्या, "जीभ बांधते. कच्ची करवंदं हायत ही. झाकून ठेव बाकीची." साहेबांनी शाई म्हटलं त्यालाच त्या कच्चं म्हणाल्या. मला तेव्हा फरक कळला नाही.

चोवीसला पुन्हा तेच. या वेळी म्हणाल्या, "रागावलीय अजून, पण आता ऐकती."

तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात एव्हाना काय शिजत होतं ते मला माहीत आहे. जो ललित कुठे दोन महिने टिकला नाही तो हरसूलला मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकून बसलाय, म्हणजे नक्की कोणीतरी आहे. आईने तुलाही चौकशीला लावलं होतं. आहे ना कोणीतरी. गोरी नाही, काचेची आहे, बुटकी मान आहे आणि सारखी झोपलेली असते. मध्ये गोव्याला जाणार होतो, एका शॅकवाल्याने कामाला बोलावलं होतं. बॅग भरली. पण बाटली न्यावी तर हलणार, ठेवावी तर अक्काबाई काढणार. बॅग रिकामी केली. असं चारदा झालं. मग बॅगच अक्काबाईंच्या सुनेला दिली, ती त्यात नागली, म्हणजे आपली नाचणी, भरते.

आता पाचवी. गेल्या वर्षी मी शहाणा झालो होतो. वाटा देणार तर नीट देऊ म्हटलं. आदल्या दिवशी बाटली उभी केली, म्हणजे गाळ तळाला बसतो. बूच इतकं पिकलं होतं की अर्धं तुटलं. मग लाकडात मारायचा स्क्रू फिरवून पक्कडीने अलगद ओढलं. बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरला आणि चहाच्या गाळणीतून स्टीलच्या जगमध्ये हळूहळू ओतली, काळा गाळ मानेशी आला की थांबायचं. वास आला ताई. शाईचा नाही. जांभळाच्या सालीचा, चुलीत भाजलेल्या चिंचोक्यांचा आणि आजोबांच्या तंबाखूच्या डबीचा. रंग काठाला विटकरी झालेला. नागलीची भाकरी होती, सुकट होती. अक्काबाईंनी घोट घेतला, भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि पुन्हा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "शहाणी झाली." आणि विचारलं, "कोणी केली?" माझ्या बहिणीने. "मंग आता किती करती?" म्हटलं, आता नाही करत, ओतून टाकायला लावली तिला. अक्काबाईंनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "ओतणाऱ्याला घाई होती. तिचं काय चुकलं?"

मी तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. वर्षभर लिहिलं नाही, कारण तू सांगू नकोस म्हणाली होतीस. आणि खरं सांगू, एकदा तू ती प्यायलीस की मला इथे थांबायला कारण उरणार नाही, याचीही भीती वाटली. पण परवा आईचा फोन आला. म्हणाली, या ऑक्टोबरला मामा शिराझच्या त्या दोन ओळींची छाटणी करणार नाहीयेत, मंगळवारी जेसीबी लावून मुळासकट काढणार आहेत, आणि "तेजलच म्हणाली काढून टाका." ताई, ते वेल तू साहेबांच्या एका घोटावरून काढायला निघाली आहेस. इकडे लवकर पिकणारं हळवं भात कापून झालंय. रविवारी नवं कणगीत पडेल आणि अक्काबाई सहावी बाटली बाहेर काढतील. त्या माझं ऐकत नाहीत, कणसरी तर नाहीच. तर रविवारी पहिल्या एसटीने ये. मी बाटली शनिवारी उभी करून ठेवतो. पहिली धार कणसरीची, दुसरी तुझी, अक्काबाईंनी आपला नंबर तुला दिलाय. पिऊन बघ, आणि मग मामांना फोन कर, काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तुझं ते पिंप बिघडलेलं नव्हतं, आपण थांबलो नव्हतो, एवढंच. गाळणी माझ्याकडे आहे. येताना चांगलं बूच काढायचं यंत्र तेवढं आण, तुझ्या स्टोअरमध्ये काहीतरी मिळेलच.

तुझाच,
चार वर्षं एकाच पत्त्यावर सापडणारा
ललित