कुसुंब्याचा दाखला

१४ एप्रिल १९५८, सोमवार. मुरुम
हिंमतराव सकाळी शाळेत आले. लेकीच्या लग्नाचं लुगडं टेबलावर टाकलं. चाँदपाशा रंगाऱ्याकडून कुसुंब्यात रंगवून घेतलेलं. पहिल्याच धुण्यात लाल गेला, फिकट पिवळं राहिलं. सोबत न धुतलेला लाल तुकडाही आणलेला. “करडईच्या फुलाचा रंग म्हनाला आन् बाजारच्या पुडीचा दिला. तुमी सायन्सचे मास्तर. तपासा.”
चाँदपाशांवर माझाही संशय आहेच. गेल्या महिन्यात रंग कसा काढता म्हणून विचारलं, तर रांजणावर पोतं ओढलं. खऱ्या माणसाला लपवायचं काय असतं?

१५ एप्रिल
लाल तुकडा अर्धा कापला. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला. थोड्या वेळात लाल गायब, पाणी पिवळट. पक्का रंग असा सुटतो का? पुडीचाच.
दाखला लिहून दिला. खाली सही — मल्लिकार्जुन, बी.एस्सी. पदवी गावात पहिल्यांदाच कामाला आली. बरं वाटलं.

१८ एप्रिल
पंचायतीत माझा दाखला वाचला. ठराव झाला: चाँदपाशांनी रंगकामाची विहिरीजवळची जागा महिन्याच्या आत सोडायची. पुढं तिथं हिंमतरावांचा तेलघाणा. चाँदपाशा माझ्याकडं बघत राहिले.
घरी बायकोनं, द्वारकानं विचारलं, “पुडीचा रंग सोड्यात टाकून बघितला का तुम्ही?” तिच्यावरच चिडलो.

१९ एप्रिल
लाल रंगाची पुडी आणली. चिंधी रंगवली, वाळवली, सोड्यात टाकली. तासभर ठेवली. लालच!
मग मी तपासलं काय?

२० एप्रिल, रविवार
हैदराबादेत शिकताना घेतलेलं जाड पुस्तक काढलं. करडईवर जेमतेम अर्धं पान. फुलात दोन रंग. पिवळा पाण्यात विरघळतो, तो धुऊन टाकायचा. लाल — त्याचं नाव कार्थामिन — पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. क्षारात मात्र सुटतो, आम्ल मिळालं की परत लाल बसतो. म्हणजे सोड्यात जाणं ही खऱ्या रंगाची खूण. मी तीच खोटेपणाची ठरवली.
उरलेला तुकडा खिशात घालून चाँदपाशांकडं गेलो. ते बाहेर आले नाहीत. त्यांच्या बायको, ताहेराबी, दारात उभ्या राहिल्या. “सोडा? मास्तर, फुलातला लाल आमी पापडखारातच काढतो. मग लिंबू पिळतो. येवढंच तर आमचं हुन्नर. गावाला कळलं तर आमी खायाचं काय?”
त्यांनी माझ्याकडून तुकडा मागून घेतला. पापडखाराच्या पाण्यात बुडवला. पिवळट. लिंबू पिळलं. फेस आला, आणि लाल हळूहळू कापडावर परत चढला. त्यांच्याकडं बघवेना.

२२ एप्रिल
चावडीवर दोन वाट्या घेऊन बसलो. सगळ्यांसमोर तेच करून दाखवलं. दाखला चुकीचा, चूक माझी, असं मोठ्यानं सांगितलं. सरपंच ईरण्णांनी स्वतः दोनदा लिंबू पिळून बघितलं, मग ठराव रद्द केला. जागा चाँदपाशांकडंच राहिली. पण त्यांचं हुन्नर आता साऱ्या गावाला ठाऊक झालं — तेही माझ्यामुळंच.
त्यांची माफी मागितली. “आता रंग कळला ना तुमाला,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. माफ केलं का, कळलं नाही.
हिंमतराव चिडतील वाटलं होतं. त्यांना नवल वाटल्यासारखंही दिसलं नाही. पान खात बसून होते.

२३ एप्रिल
शाळेच्या वाटेवर हिंमतराव भेटले. “मास्तर, आमच्या घरात आज्जीपासनं कुसुंबी नेसत्यात. सोड्यात जातो हे मला ठावं न्हाय व्हय? लुगडं सोड्यात घालाया मीच सांगितलं. त्या जागेसाठी मला फकस्त तुमची सही पायजे व्हती.”