नखांचा रंग

ताई,

काल तुझ्यावर ओरडले ते उगाच नाही. माझ्या चिमणीच्या निळसर नखांकडे लोक टक लावून बघतात म्हणून तू गुलाबी नेलपॉलिश लावलंस, मान्य. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? रक्तात ऑक्सिजन किती आहे ते नखांवरून बघतात गं! सिस्टरच्या देखत मी एकेक बोट घासून पुसलं आणि मनात तुला शिव्या घातल्या.

जन्मापासून तिच्या हृदयाचा एक कप्पा वाढलेलाच नाही. हे तिसरं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "आता हे शेवटचं." तो शब्द मी मनातल्या मनात खोडून टाकला.

दिवसभर हे चहा आणून देत होते आणि मी तो गार करत होते. संध्याकाळी आयसीयूत तिच्याजवळ सोडलं. तोंडात नळी, छातीभर पट्टी. चेहऱ्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून हाताकडे बघितलं आणि सिस्टरवर खेकसले, "अहो, नखांवर पॉलिश राहिलंय की!"

तिनं चिमणीचं बोट हलकेच दाबून सोडलं. नख पांढरं पडलं, पुन्हा गुलाबी झालं.

"पॉलिश नाही हो. तिचाच रंग आहे हा."

पाच वर्षांत मी तो कधी बघितलाच नव्हता, ताई.

हे पत्र पाठवणार नाही. तिची नळी निघेपर्यंत चांगलं काही बोलायचीसुद्धा भीती वाटते. तुझा फोन आला तर "अजून काही सांगता येत नाही," एवढंच म्हणेन. आता आत सोडत नाहीत. बाकावर बसून माझंच नख दाबते, सोडते आणि रंग परत येईपर्यंत श्वास धरून ठेवते.

तुझी धाकटी