भाईच्या हातचं जेवण

१४ ऑक्टोबर १९६१, कादिझ बंदर

बोट सकाळी लागली. उद्या चार ते आठ सुट्टी— मोठ्या स्वयंपाक्याच्या विनवण्या करून मिळवली. याच बंदरात माझा थोरला भाऊ, भाई, उतरला होता आणि पुन्हा बोटीवर चढलाच नाही. येत्या माघात बारा वर्षं पुरी होतात. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला मेला धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, असं शास्त्र आहे म्हणे. अप्पाकाकांनी तर भटजींकडून दिवसही काढून घेतलाय! मी म्हटलं, माझी ही एक सफर होऊ द्या. वहिनीचं कुंकू मात्र रोज ठसठशीत.

मुंबईत एका गोवेकर खलाशाने सांगितलं होतं— कादिझला बाजारामागे एक खानावळ आहे, तिथला माणूस माशाला हळद लावून तळतो. स्पेनमध्ये हळद! तेवढ्यावर मी भाईला शोधायला निघालोय. वेडाच आहे मी.

१५ ऑक्टोबर

सापडला. जिवंत आहे.

आज लिहवत नाही.

१६ ऑक्टोबर, समुद्रावर

लिहूनच टाकतो. डोक्यात ठेवलं तर कामात लक्ष लागत नाही— आज डाळ करपवली, शिव्या खाल्ल्या.

चिंचोळ्या बोळातली खानावळ. लाकडी फळीपलीकडे तो उभा. पोट सुटलेलं, केस गेलेले. मी ओळखायच्या आधी त्यानेच ओळखलं. "बाळा? खंयसून इलंस रे?" आणि लगेच मागे पाहिलं. मागे एक बाई पेले पुसत होती. कोपऱ्यात दोन मुली वह्या घेऊन बसलेल्या. थोरलीची हनुवटी थेट आईची. मग काय विचारायचं राहिलं?

बाईला त्याने काय सांगितलं कोण जाणे. बोटीवरचा कोणी ओळखीचा, असंच काहीतरी सांगितलं असणार. ती हसली आणि मला जागा करून दिली.

तिथे ताट वाढत नाहीत. तळहाताएवढ्या बशा येतात, एकामागून एक. तापास म्हणतात. एका बशीत चार घास, तेवढेच. आणि प्रत्येक बशीबरोबर भाई एकच काय ते बोलायचा, मान खाली घालून. बाई बघत होती ना!

पहिली हिरवी, खारवलेली फळं. करवंदं समजून तोंडात टाकलं, तर कडू! "घर आसा मां?" आहे म्हटलं. मग तळलेले बारीक मासे, पेडव्यांसारखे, हळद लावलेले. मग लसणीच्या तेलात चरचरणारी कोलंबी, मातीच्या वाडग्यासकट. "आई कशी आसा?" गेली म्हटलं, गेल्या वर्षी, शेवटपर्यंत तुझी वाट बघत होती. भाईने फडका घेतला आणि फळीवरची एकच जागा कितीतरी वेळ पुसली. मग बटाट्याची जाड पोळी आली, अंड्यातली. मग माकूल, गोल चकत्या करून तळलेलं. तेव्हा म्हणाला, "सुभद्रा?"

मी म्हटलं, "कुंकू लावता अजून. तुझ्या नावाचा."

त्यानंतर बराच वेळ बशी आली नाही.

लाज वाटते लिहायला, पण असं जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो. मी स्वतः स्वयंपाकी, मला कळतं ना! कोलंबी इतकी नेमकी शिजलेली की आईलाही जमली नसती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी बोटं चाटत होतो. थू माझ्या जिभेला!

निघताना दारापर्यंत आला. "घराक सांग, गुरुदास मेलो. मी तुका गावलंय नाय."

मी म्हटलं, "तुझा सगळा क्रियाकर्म माकाच करूचा आसा, म्हायत आसा तुका?"

"कर," म्हणाला. आणि कागदात गुंडाळलेला पाव माझ्या हातात दिला. वाटेत खायला!

२ नोव्हेंबर

काय सांगू? जिवंत आहे म्हणून सांगितलं तर वहिनी टाकलेली बायको. मेला म्हणून सांगितलं तर विधवा. तिसरं काही सुचत नाही.

९ जानेवारी १९६२, मालवण

सांगून टाकलं— खंयच गावलो नाय. अप्पाकाका म्हणाले, झालं तर मग. वहिनी भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही. निदान रडायचं तरी होतंस गो!

१२ फेब्रुवारी

जाळला. अग्नी मी दिला. पळसाची पानं ओली होती, धूरच फार. ज्याने चार महिन्यांपूर्वी मला वाढलं त्याला मी आज जाळलं. बायकांनी वहिनीचं कुंकू पुसलं. मी बघितलं नाही.

२१ फेब्रुवारी

दहावा. पिंडाला कावळा शिवेना. माडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली येईना. अप्पाकाका हात जोडून, "सुभद्रेक आमी सांभाळतलंव, गुरुदासा! शिव रे!" लोक माझ्याकडे बघायला लागले— तू काहीतरी कबूल कर. मी काय कबूल करू? कावळ्याला कळतं ते माझ्या तोंडून निघेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. मला घास गेला नाही.

माझं स्वतःचं काही राहिलं नाही आता. खोटं तेवढं राहिलं.

२४ फेब्रुवारी

सुतक संपलं. वहिनीने मला भात वाढला. घरात दोघंच होतो. खाली बघत म्हणाली, "भावजी, गावलो नाय म्हणताना तुमचा तोंड बघलंय. तेंनी तुमका पोटभर जेवूक घातल्यानी मां?"

माझा हात थांबला. तिने फडताळातून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. भाईचं अक्षर. १९५२ सालचं. मी इथे कादिझलाच राहणार, लग्न केलं आहे, खानावळ काढली आहे, वाट बघू नकोस. दहा वर्षं! "आई होती तवसर सांगूक धीर झालो नाय. मगे सवय झाली."

मी मान हलवली. हो, पोटभर.