चौथ्या टाइलपर्यंत

वाकड, पुणे
बुधवार, ११ नोव्हेंबर २००९

प्रिय आई,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यातून काही अर्थ काढू नकोस. फोन तू तीनदा कापलास. रविवारी दापोडीला आले, तर दाराची साखळीही न काढता फटीतूनच म्हणालीस, "मला विहारात जायचंय. तू कशाला वणवण करतेस, आराम कर." म्हणून हा कागद. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात तू आवक-जावक सांभाळलंस. आलेला कागद न वाचता बाजूला ठेवणं तुला जमत नाही. माझ्या शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवरसुद्धा तू आवक क्रमांक टाकायचीस आणि आठ दिवसांत उत्तर द्यायचीस. तेव्हा टाक क्रमांक आणि वाच.

आधी माझी तब्येत सांगते, कारण तू विचारणार नाहीस. सातवा आठवडा चालू आहे. मागच्या सोमवारपासून ऑफिसला जाते. कंपनीच्या बसमध्ये वरचा दांडा धरून उभी राहू शकते, हिंजवडीच्या चौकात ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला तरी. काल पहिल्यांदा ॲक्टिव्हा मेन स्टँडवर चढवली. भरलेला कुकर गॅसवरून उतरवते, ओली चादर काठीने छताजवळच्या दांडीवर टाकते. यात कौतुक ते काय, असं तू म्हणशील. पण सहा आठवडे दुधाची पिशवीसुद्धा विचार करून उचलणाऱ्या बाईला या सगळ्याचं अप्रूप असतं. मी छाती मोठी करून घ्यायचं ऑपरेशन केलं. स्पष्ट लिहिते आहे, कारण तुझ्या तोंडून ते एकदाही निघालं नाही. तू 'ते तुझं' म्हणायचीस आणि भिंतीकडे बघायचीस.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मात्र तुझं तोंड चांगलं चाललं होतं. "धडधाकट शरीरावर सुरी फिरवून घेतेस? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते या थेरांसाठी?" मी गप्प बसले, ती माझी चूक. तेव्हाच तुला मांजरी गावच्या पाहुण्यांची आठवण करून द्यायला हवी होती. मी तेवीस वर्षांची होते, मला बघायला येणार होते. तू स्वतःच्या हाताने माझ्या ब्लाउजमध्ये दोन्हीकडे हातरुमाल घडी करून खोचलेस, दोन पावलं मागे सरकून पाहिलंस आणि म्हणालीस, "आता बरं दिसतं." चहाचा ट्रे ठेवायला वाकले तेव्हा एक रुमाल सरकला. मुलाची आत्या तोंडाला पदर लावून हसली. नकार आला, आणि तू मला विचारलंस की नीट वाकता येत नव्हतं का! मी ऑपरेशन त्या आत्यासाठी केलं नाही की कुठल्या मुलासाठी केलं नाही. चौतिसाव्या वर्षी, माझ्या हौसेने, माझ्यासाठी केलं. पण रुमाल तू खोचलेस तर ती माया आणि मी काही केलं तर ते थेर, हा न्याय मला अजून कळलेला नाही.

तरीही आलीस. बॅग आणि लोणच्याची बरणी घेऊन आलीस आणि जवळजवळ महिनाभर राहिलीस. त्याबद्दल आभार मानणार होते, पण ते राहू देत. मला हात वर नेता येत नव्हते म्हणून माझे केस विंचरायचीस, तेही एकाच हाताने, असे ओढून की डोळ्यांत पाणी यावं. धुतलेल्या चादरी मशीनवर तशाच टाकून द्वारकाबाई कामाला यायची वाट बघत बसायचीस. मला वाटायचं, ही सेवा करायला आली आहे की राग काढायला? आणि मी गोळी घेऊन जरा पडले की तुझा फोन सुरू. नात्यातल्या एकेकाला सांगायचीस, पूर्वाच्या छातीत गाठ निघाली. गाठ! मुलीने हौस केली म्हणायची लाज वाटते, पण कॅन्सरची शंका चालते. विहारातल्या बायका सफरचंदं घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन रडल्या. मी उशांना टेकून मान डोलावत बसले. आयुष्यात इतकी लाज मला त्या रुमालाचीही वाटली नव्हती.

मग चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी व्यायाम दिला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं पावलांसारखी टाकत हात वर न्यायचा, जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं. मी स्वयंपाकघरातल्या टाइल मोजायचे आणि पेन्सिलने खूण करायचे. पहिल्या दिवशी चौथी टाइल, आठवड्याने सहावी. तू मागून म्हणालीस, "भिंतीवर मुंगीसारखी काय चढतेस?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, सोपं वाटतंय तर तू करून दाखव. तू पदर खोचलास आणि उभी राहिलीस. उजवा हात सातवी ओलांडून गेला. डावा चौथ्या टाइलवर थांबला. तुझा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. "साठीचे खांदे आहेत, आखडतात," म्हणालीस आणि चहा टाकायला वळलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून दापोडीची बस धरलीस. मला वाटलं, हरलीस म्हणून रुसलीस. तुझ्या स्वभावाकडे बघता ते पटण्यासारखंच होतं.

काल यमुनामावशीचा फोन आला. माझी विचारपूस करताना म्हणाली, "अगं, हरभऱ्याएवढीच होती ना? डावीकडे, काखेजवळ. दुखत नाही, हलतही नाही. एप्रिलात जयंतीच्या आधीपासून हाताला लागत होती म्हणे. आई सगळं सांगत होती तुझी." मी हो-हो करून फोन ठेवला आणि तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या, की खोटं बोलायचं ते बोलायचं, वर इतकं रंगवून? मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. समोर पेन्सिलच्या खुणा होत्या. मला टाके दोन्ही बाजूंना आहेत, आई, आणि एप्रिलात मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते. मी चौथ्या टाइलवर बोट ठेवलं.

सात महिने. माझ्याबरोबर तीनदा त्या दवाखान्यात आलीस, माझी फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसलीस, आत छातीचे डॉक्टर होते आणि तू बाहेर एक शब्द काढला नाहीस. आपली गाठ माझ्या नावावर सांगून मोकळी झालीस. तुझ्या बोलण्याचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा या गप्प बसण्याचा आला आहे. तो इतक्यात जाणार नाही, आणि मी घालवणारही नाही. हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. भांडायला तू मला पुढेही हवी आहेस, म्हणून लिहिलं आहे. परवा, शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. कुरियरवाला उद्या हा कागद देईल. या वेळी आठ दिवस मिळणार नाहीत आणि उत्तरही नको. साडेसातला मी येते. साडी मी नेसवीन, तुला हात वर करावा लागणार नाही. ॲक्टिव्हावर मागे माणूस बसवायची मला परवानगी मिळाली आहे. तेवढी दाराची साखळी काढून ठेव. नाही काढलीस तर मी दार ढकलीन, आणि आता मला जोर लावता येतो.

तुझीच, अजून रागावलेली,
पूर्वा