दोन इंच की चार

४ फेब्रुवारी

एकतीस वर्षांपूर्वीची एक दुपार सकाळपासून डोक्यात आहे. जीप नवी होती – म्हणजे आम्हाला नवी, तिचे आधी दोन मालक होऊन गेले होते. खडीच्या रस्त्यावर चाक बसलं. हे चाकाशी उकिडवे, मी शेजारी ओंजळीत पाच नट धरून उभी. हे न बघताच हात मागे करायचे, मी तळव्यावर एक नट ठेवायची. बोलणं काही नाही. पाचवा नट झाला तसे उठले आणि ग्रीसचे दोन्ही हात माझ्या गालांना लावले. बस, एवढंच. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही.

आज आठवलं त्याला कारण आहे. जेवताना ह्यांनी जाहीर केलं, जीपला लिफ्ट किट बसवायचं. म्हणजे खालचे पाटे, शॉकअब्सॉर्बर सगळं बदलून गाडीच जमिनीपासून वर उचलायची. खडकांना पोट घासत नाही म्हणे. किट दोन इंची येतं नाहीतर चार इंची. कुठलं घ्यायचं ते ठरायचंय.

"मग मी चढणार कशी?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले. "पाणी दे."

डावा गुडघा शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखा वळत नाही. पण ह्यांच्या शेजारची सीट मी एकाही सहलीला सोडलेली नाही. ती गेली तर आमच्यात दोघांनी मिळून करायचं असं काय उरतं? हिशेब मांडून बघितला. काही नाही.

७ फेब्रुवारी

धाकटे दीर आले होते. डोंगरदऱ्यांत गाड्या घालणाऱ्यांच्या मंडळात दोघेही भाऊ. चहा होईपर्यंत किटचीच चर्चा. मग ह्यांनी मोजपट्टी आणली.

"इकडे ये गं. भिंतीला हात लाव. आता उजवा पाय उचल – जेवढा जाईल तेवढा."

मी उचलला. डाव्यावर सगळा भार आला. ह्यांनी पायाखाली भिंतीवर पेन्सिलची खूण केली, पोरांची उंची घेतात तशी. साडेएकवीस इंच.

आज जीपचा तळ जमिनीपासून वीस इंचांवर आहे.

"दोन इंची घेतलंस तर बावीस," दीर म्हणाले. "खालून कुणी रेटलं तर जातील वहिनी. चार इंची म्हणजे चोवीस, वर मोठे टायर – पंचवीस धर. वहिनी, क्रेन सांगून ठेवू का?"

हसले. मीही हसले, सवयीने. हे हसले नाहीत, पेन्सिल कानावर ठेवली आणि पट्टी खटकन मिटली. मला वाटलं, माझ्या बाजूचे आहेत.

खूण ओल्या फडक्याने पुसली. करडा डाग राहिला.

९ फेब्रुवारी

मिस्त्रीने आज ह्यांना माझ्यादेखत सांगितलं, "साहेब, तुम्ही जिथं जाता तिथं दोन इंच भरपूर झाले. मॅडमनाही चढता येईल." वीस वर्षं आमची गाडी त्याच्याच हाताखाली आहे. फार बोलणारा माणूस नाही.

१२ फेब्रुवारी

चार इंची मागवलं.

"लहान घ्यायचं, मग वर्षाने वाटणार मोठं घ्यायला हवं होतं. त्यापेक्षा एकदाच." हे म्हणाले. किट यायला पाच आठवडे.

१३ फेब्रुवारी

पाच आठवडे पुष्कळ आहेत. अडगळीच्या खोलीत न्हाणीघरातला पाट, त्यावर लाकडी स्टूल, त्यावर माझा शाळेतला ॲटलास. खिडकीच्या गजाला धरायचं, जीपमध्ये दांडीला धरते तसं. हे फिरायला गेले की रोज वीस वेळा चढायचं-उतरायचं. आज एकवीस इंचांवर दहाच झाले.

२० फेब्रुवारी

बावीस.

३ मार्च

तेवीस. गुडघा टोमॅटोसारखा सुजला. ह्यांना सांगितलं, जिन्यात लचकला.

१५ मार्च

चोवीस! ॲटलासवर शब्दकोश ठेवावा लागला. मनात सारखा आमच्या सहलींतला नदीचा काठ येतो. हे थर्मासचं झाकण मला देतात, स्वतः थर्मासलाच तोंड लावतात. ह्यांना काही सांगणार नाही. किट बसलं की अंगणात सगळ्यांसमोर चढून दाखवायचं, दिरांसमोर तर नक्कीच.

२० मार्च

किट आलं. तीन खोकी आणि एक इंग्रजी पुस्तक. पुस्तक नेहमीप्रमाणे माझ्या हातात.

ही आमची जुनी पद्धत. मिस्त्रीला इंग्रजी येत नाही, ह्यांना येतं पण कंटाळा. "कॉन्व्हेंट, हे घे," म्हणायचं आणि पुढ्यात टाकायचं. मग मी प्रत्येक सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, नंबर घालून लिहून देते. मिस्त्री ते कागद गॅरेजच्या भिंतीला चिकटवतो आणि एकेक काम झालं की पुढे खडूने बरोबरची खूण करतो. माझ्या कागदावर नाही ते तो करत नाही. कार्ब्युरेटर, क्लच, मागल्या वर्षीचा गिअरबॉक्स – सगळं माझ्या अक्षरावर उभं राहिलेलं.

चौदा सूचना आहेत. सहा लिहून झाल्या. चित्रं छान आहेत पुस्तकात.

२४ मार्च

आज पंचवीस. लागोपाठ पाच वेळा.

राहवलं नाही. हे फिरून आल्यावर हाताला धरून अडगळीच्या खोलीत नेलं आणि चढून दाखवलं. लहान मुलीसारखी धाप लागली होती. हे दाराला टेकून बघत होते.

"बरं जमलं की," म्हणाले. मग म्हणाले, "पण सीट काढली गं. परवाच. तिथं दुसरी स्टेपनी बसवतोय."

"मग मी मागे बसेन."

हे आत आले, मला खाली उतरवलं आणि त्याच स्टुलावर, माझ्या ॲटलास-शब्दकोशावर, स्वतः बसले.

"अगं, उंचीचं काय घेऊन बसलीस? मिस्त्री दोन इंच म्हणत होता, मलाही दोन पुरले असते. तुला तोंडावर नको कसं म्हणायचं, म्हणून चार घेतलं. म्हटलं, आपणहून म्हणशील, आता मला जमत नाही."

मी खिडकीचा गज धरला.

"तीस वर्षं शेजारून एकच टेप. सावकाश, सावकाश. मरायच्या आधी एकदा तरी माणसाला मोकळं चालवावंसं वाटतं की नाही?" मग वाकून माझा गुडघा दाबून बघितला. "सुजलाय. काहीतरी लाव त्याला." हे अगदी मायेने म्हणाले. तेच जास्त लागलं.

बाहेर जाऊन दिरांना फोन. हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. "अरे, आपली कॉन्व्हेंट पंचवीस चढली! हरलास तू. पैजेची पार्टी दे आता."

म्हणजे मी चढते की नाही ह्यावर पैज लागली होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, सीटसुद्धा. मी स्टुलावर चढत होते तेव्हाही.

२५ मार्च

उरलेल्या सूचना लिहायला बसले. अक्षर हललं नाही.

तेरावी सूचना अशी आहे: गाडी चार इंच उचलल्यावर चाकांकडे जाणारे ब्रेकचे जुने रबरी पाइप आखूड पडतात. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पण एखादं चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबलं की पाइप ताणून फाटतो आणि ब्रेक जातो. म्हणून लांब पाइप वेगळे आणून बसवावेत, ते खोक्यात नाहीत. खाली जाड रेघ आणि उद्गारचिन्हाचा त्रिकोण.

बारावीनंतर चौदावी लिहिली. तिला नंबर तेरा दिला.

शाळेत डिक्टेशनमध्ये ओळ गळली तर सिस्टर सगळं पान पुन्हा लिहायला लावायच्या. गाळणं म्हणजे खोटं बोलणंच, म्हणायच्या. माझी कधी एक ओळ गळली नाही.

पुस्तक माझ्या कपाटात, साड्यांखाली.

२८ मार्च

मिस्त्री घरी आला. दारातच उभा राहिला, पायांना तेल होतं म्हणून.

"मॅडम, सगळं झालं तुमच्या कागदाप्रमाणे. फक्त एक विचारायचं होतं. ब्रेकचे पाइप मला जरा ओढल्यासारखे वाटतात. पुस्तकात काही लिहिलंय का?"

मी डोळे त्याच्या डोळ्यांवर ठेवले.

"लिहिलंय. आहेत तेच चालतील."

"मग झालं," म्हणाला. चेहरा एकदम मोकळा झाला त्याचा. "मी उगाच घोर लावून घेतला होता."

पाणी विचारलं. नको म्हणाला.

१ एप्रिल

हे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर जीप चालवून आले. "लोण्यासारखी चालते. ब्रेक तर असा लागतो!" रविवारी मंडळाची मोठी सहल. दरीत उतरणारी वाट, तिथं मधे एका जागी गाडीचं एक चाक हवेत राहतं. तिथं फोटो काढतात. हे दिवसभर त्या चाकाबद्दल बोलत होते.

जेवायला काय करू विचारलं. "तुझ्या हातचं काहीही," म्हणाले.

४ एप्रिल

सांगून टाकावं असं सकाळी वाटलं. चहा घेऊन गेले. हे दिरांशी बोलत होते – "नाही रे, ती कसली येते. तिला आता देवळाच्या पायऱ्या झेपल्या तरी पुष्कळ." मला बघून हात केला, चहा ठेव म्हणून.

ठेवला.

६ एप्रिल, सकाळी सव्वाआठ

हे निघाले. दीर आपल्या गाडीतून परस्पर तिकडेच.

फाटकाशी उभी होते. जीप खरंच उंच दिसते, ओळखू येत नाही. डब्याची पिशवी द्यायला गेले तर मागच्या बाजूला, हत्यारांच्या पेटीवर, मिस्त्री बसलेला. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा.

"तुम्ही?"

"साहेब म्हणाले, पहिली फेरी आहे, बरोबर चल. नवे पाटे बसतात, बोल्ट सैल होतात. एवढी वर्षं गाडी करतो, मॅडम, पण डोंगरात कधी कुणी नेलं नव्हतं." खिशावर हात मारला. "तुमचे कागद घेतलेत. लागले तर असावेत."

तोंड उघडलं होतं मी. शपथेवर लिहिते, उघडलं होतं.

तेवढ्यात हे खिडकीतून वाकले. "सावकाश जातो हं. सा-व-का-श." आणि डोळा मारला.

गेले.

उतरण बाराच्या सुमाराला लागते. मिस्त्रीचा नंबर माझ्याकडे आहे. एक वाक्य पुरे. तो लगेच गाडी थांबवेल, का म्हणून विचारणारही नाही.

साडेदहा

फोन समोर टेबलावर. मिस्त्रीला सांगायचं म्हणजे ह्यांना कळणार. ह्यांना कळलं की दिरांना. मग आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर – आपल्या कॉन्व्हेंटने काय केलं माहितीये? हसतील. रागावणारसुद्धा नाहीत, हसतील.

पुस्तक साड्यांखालून काढलं. तेरावी सूचना पुन्हा वाचली. भाषांतर करायला सोपी होती.

सव्वाबारा

फोन केला नाही.

ह्यांची दुर्बीण आणि कॅमेरा धाकट्या दिरांना. लोकरी कोट शेजारच्या मास्तरांना, बाह्या आखूड कराव्या लागतील. बूट कुणाच्या मापाचे नाहीत, ते दानाच्या पेटीत. घड्याळ मी ठेवीन.

माझं शिवणयंत्र मिस्त्रीच्या बायकोला. मोटर बसवून, तेलपाणी करून, घरपोच द्यायचं. तिला न्यायला लावायचं नाही. तिला आता लागेल.