गाडीच्या जागी तुती

अहो,

सवय सुटत नाही, म्हणून अहो.

दुसरा संसार थाटताना तुम्ही आईंना माझ्या गळ्यात टाकून गेलात. तुमची गाडी उभी राहायची तिथल्या फरशा उखडून मी तुतीची झुडपं लावली. उन्हाळाभर पाणी घातलं, छाटणी केली. आता फांद्या फळांनी वाकल्यात. आईंना दिसत नाही, म्हणून पिकलेली फळं मीच त्यांच्या हातावर ठेवते.

काल तुम्ही फाटकाशी येऊन हाका मारल्यात. मी कडी काढली नाही.

"त्याचाच आवाज ना गं?"

"नाही आई, कुणीतरी वाट चुकलंय."

"चुकलाच होता मेला," म्हणत त्यांनी फळांसाठी हात पुढे केला.

हे पत्र मी टाकणार नाही. आईंनी तुमचा आवाज ओळखला की नाही, या विचाराने जन्मभर झुरा.

फक्त आईंची,
सून